उंबऱ्याबाहेरचं ताट

४ फेब्रुवारी

खुर्च्या आल्या! डोंगर परत मिळाल्याला अजून वर्षसुद्धा झालं नाही आणि आमच्या सभेने स्वतःच्या अधिकारात पहिली कोणती गोष्ट आणली, तर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. ट्रॅक्टरभर. हे स्वतः पुढे होऊन एकेक उतरवून घेत होते, काचेच्या असल्यासारख्या.

सरकारी खात्याने डोंगर घेतला तो सासऱ्यांच्या आजोबांच्या काळात. तेव्हापासून मोळी आणली की चोर, गवत कापलं की चोर. आपल्याच डोंगरावर! अर्ज झाले, मोर्चे झाले, डोकी फुटली, सासरे तुरुंगात जाऊन आले. शेवटी गेल्या उन्हाळ्यात कागद हातात आला — डोंगर, झरे, गवत, दगड, सगळं गावाच्या सभेचं. सभा ठरवेल ते. त्या दिवशी मी ढसाढसा रडले होते. आज खुर्च्या बघून वाटलं, उगाच रडले.

खात्याचं विश्रामगृह आता सभेचं कार्यालय. साहेब लोक ज्या हॉलमध्ये कोंबड्या चापायचे तिथे आता आम्ही बसणार. झाडाखाली चटईवर बसणं म्हणे मागासलेपणाचं. चटया मी विणते. सभेतल्या निम्म्या चटया माझ्या हातच्या. "आता त्या घरातच वापर," हे म्हणाले. अध्यक्ष झाल्यापासून ह्यांचा आवाज नाकातून येतो.

६ फेब्रुवारी

खात्याचा रखवालदार आता सभेचा रखवालदार झाला. म्हणजे माणूस तोच, काठी तीच, फक्त टोपीवरचा बिल्ला काढलाय. ज्या हाताने त्याने माझा विळा हिसकावला होता, माझ्या नणंदेचा हात पिरगाळला होता, त्याच हाताने आज मला सलाम ठोकला. "या वहिनीसाहेब!" म्हणे. शी!

ह्यांना सांगितलं, हा माणूस नको. तर म्हणतात, "अगं, त्याला कामाचा अनुभव आहे." कसला अनुभव? आम्हाला मारायचाच ना?

सलाम घेताना ह्यांची मान किंचित मागे गेली. जुन्या साहेबांची जायची तशीच. मी बघितलं. किळस आली आणि हसूही आलं. मग नुसतीच किळस राहिली.

८ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस आला होता घरी. एवढं अत्तर लावून आला की मांजर उठून बाहेर गेलं. त्याला वरच्या उतरणीवरचा काळा दगड हवाय. कापून, घासून, चकचकीत करून कुठल्या तरी शहरात लोकांच्या न्हाणीघरात बसवणार. बदल्यात डोंगराला वळसा घालून पक्का रस्ता, पाण्याची टाकी, पोरांना कामं. "तुम्ही भूमिपुत्र आहात, मालक आहात, तुमच्या परवानगीशिवाय एक खडा हलणार नाही," असं म्हणून त्याने हात जोडले. भूमिपुत्र! भूमीच्या सुना मागे चुलीपाशी चहा करत होत्या, त्यांना कोण विचारतंय.

वरची उतरण म्हणजे माझं गवत. काळ्या दगडाच्या फटींतून पाणी झिरपतं म्हणून तिथलं गवत लांब आणि चिवट होतं, बाकी डोंगरावर होत नाही. दर हिवाळ्यात आम्ही बायका वर जातो, कापतो, तिथेच वाळवतो. दिवसभर कोणी हाक मारत नाही. "चहा टाक" नाही, "माझा शर्ट कुठे" नाही. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हापासून मला आवडलेली अशी ती एकच जागा. हे मी कोणाला कधी सांगितलं नाही. दगड निघाला की पाणी जाणार, पाणी गेलं की गवत जाणार. हे कळायला साहेब असायला लागत नाही.

ह्यांनी मला विचारलं नाही. विचारतील असं वाटलंही नव्हतं.

अत्तरवाल्याचा कप दोनदा घासला. वास जाईना. शेवटी कोंबड्यांना पाणी ठेवायला काढला.

९ फेब्रुवारी

हे झोपेत "प्रगती" म्हणाले. दोनदा.

११ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहून ठेवतेय. रागाने.

आमच्या सभेत हात वर करायची पद्धत नाही. कधीच नव्हती. झाडाभोवती दगडांची एक ओळ आहे, तिला आम्ही उंबरा म्हणतो. प्रश्न विचारला की ज्याला पटत नाही त्याने भांडायचं नाही, ओरडायचं नाही — आपली चटई उचलायची आणि उंबऱ्याबाहेर जाऊन बसायचं. मग अध्यक्षाने विचारायचं, "उंबऱ्याबाहेर कोणी आहे?" सगळ्यांनी मान वळवून बघायचं. एक जरी माणूस बाहेर दिसला तरी ठराव होत नाही. त्याच्यापाशी जायचं, त्याचं ऐकायचं, आपलं सांगायचं. तो आत येईपर्यंत किंवा ठराव मागे घेतला जाईपर्यंत. खात्याचं राज्य होतं तेव्हा सभेकडे ठरवण्यासारखं होतं काय? कोणाचं कुंपण कुठवर आणि कोणाच्या बकऱ्या कोणाच्या शेतात. कोणी बाहेर बसलं तरी तासाभरात हसत आत यायचं.

आज हॉलमध्ये सभा. सगळे खुर्च्यांवर, गुडघे जुळवून, फोटो काढायला बसल्यासारखे. सासूबाई तेवढ्या काखेत चटई घेऊन आल्या आणि खुर्चीवर चटई मांडून तिच्यावर बसल्या. लोक फिदीफिदी हसले. अत्तरवाल्याने भिंतीवर चित्रं दाखवली — रस्ता, टाकी, हसणारी मुलं. ती मुलं आमची नव्हती, एवढी गुबगुबीत मुलं ह्या गावात कोणाच्या घरी आहेत? मग हे उठले आणि नाकातून म्हणाले, "तर सर्वांच्या वतीने मी होकार देतो आहे." प्रश्न नाहीच! सरळ उत्तर!

सासूबाई उठल्या. स्वतःच्या मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. चटई काखेत मारली, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून हॉलचा उंबरा ओलांडला आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या.

सगळ्यांनी बघितलं.

हे म्हणाले, "वारा फार येतोय. दार लावून घ्या."

वारा नव्हता! पडदासुद्धा हलत नव्हता! रखवालदाराने दार लावलं. मग ह्यांनी, रीत आहे म्हणून, विचारलं — "उंबऱ्याबाहेर कोणी आहे?" सगळ्यांनी माना वळवल्या आणि दाराच्या फळ्यांकडे बघितलं. चुलत सासरे म्हणाले, "कोणी दिसत नाही." खरंच होतं ते. कोणी दिसत नव्हतं. एकही माणूस खोटं बोलला नाही!

ठराव एकमताने पास. बिस्किटं वाटली. मी ट्रे घेऊन कोपऱ्यात उभी होते. मीही दाराकडेच बघितलं आणि गप्प बसले. मला माझीच शिसारी आली.

१२ फेब्रुवारी

सासूबाई व्हरांड्यातून हलल्या नाहीत. हे म्हणाले, "बसू दे. थंडी वाजली की येईल घरी." आईबद्दल बोलतोय हा माणूस!

मी सकाळी गरम भात आणि अंड्याचं कालवण घेऊन गेले. त्यांनी आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू आणलंस?"

"मी नाही तर कोण आणणार?"

"बरं," म्हणाल्या आणि जेवल्या. जेवण झाल्यावर, "मीठ कमी होतं." उघड्यावर रात्र काढली, पण मिठाचं लक्षात आहे! परत येताना बरं वाटलं. घरात निदान एक तरी माणूस माणसासारखं वागतंय आणि ते मी आहे, असं वाटलं.

१३ फेब्रुवारी

आज ताटाबरोबर पांघरूणही दिलं. वाटेत चुलत सासरे भेटले. माझ्या हातातलं ताट बघून मान डोलावली — "शहाणी आहेस. घर सांभाळलंस." मी फुगले. सासरच्या माणसांनी कौतुक केलं की मी अजून फुगते, इतकी वर्षं झाली तरी.

रखवालदार व्हरांडा झाडताना सासूबाईंच्या चटईभोवतीने झाडतो. त्यांच्याकडे बघत नाही. खुर्ची पडली असेल तर उचलून ठेवेल तरी.

१५ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे. अक्कलशून्य.

अत्तरवाला कार्यालयात आला होता. मी चहा घेऊन गेले. तो ह्यांना विचारत होता, बाहेर बसलेल्या आजींचं काय? त्यांचा काही त्रास नाही ना होणार? हे हसून म्हणाले, "म्हातारी आहे, हट्टी आहे. पण घरातून विरोध नाही. सून पूर्ण होकारात आहे. रोज ताट नेते, सगळं गाव बघतंय."

मला कळेचना. ताटाचा काय संबंध? संध्याकाळी चुलत सासूला गाठलं. ती म्हणाली, "अगं, तुला माहीत नाही? बाहेर बसलेल्याला उपाशी ठेवायचं नाही. पण ताट न्यायचं ते आतल्याने. ज्याला ठराव हवाय त्याने. मी तुझ्या विरोधात आहे, पण तू उपाशी राहू नकोस — असं आहे ते. आमच्या लहानपणी व्हायचं हे. आता किती वर्षांत कोणी रात्रभर बाहेर बसलंय?"

माझं माहेर नदीपलीकडे. आमच्याकडे ताट म्हणजे ताट. भुकेल्या माणसाला दिलेलं जेवण. आणि मी सगळ्या गावासमोरून, डोक्यावर पदर घेऊन, माझ्या गवताची उतरण विकायला दोन्ही हातांनी होकार देत होते! वर "मीठ कमी होतं" ऐकून घेत होते!

तशीच तरातरा व्हरांड्यात गेले.

"सासूबाई, मला सांगितलं का नाहीत?"

"काय?"

"ताटाचं!"

"मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं तुला रस्ता हवाय."

"मला नकोय रस्ता! मला दगड जायला नकोय! तुमच्या बाजूची आहे मी!"

त्यांनी पांघरूण सावरलं. मग म्हणाल्या, "माझी बाजू कोणती गं?"

"म्हणजे? दगड नाही द्यायचा, ही."

"मला तर रस्ता हवाय," म्हणाल्या. "डोंगरापलीकडे माझी धाकटी बहीण आहे. ह्या गुडघ्याने चढता येत नाही. तिला बघून किती वर्षं झाली. रस्ता झाला तर गाडीत बसून जाईन. दगड गेला तर गेला."

मी पायरीवर बसले.

"मग इथे थंडीत कशाला बसलात?"

"मला विचारलं नाही म्हणून. विचारलं असतं तर हो म्हणाले असते. न विचारता माझ्या वतीने हो म्हणाला. आणि मी उठले तर दार लावलं." पुढे म्हणाल्या, "तुझे सासरे तुरुंगात गेले ते दगडासाठी नव्हते गेले. खातं आम्हाला विचारत नव्हतं म्हणून गेले. आता माझाच मुलगा खातं झालाय."

मी म्हटलं, मग मीही आत्ता चटई आणते, बसते तुमच्या शेजारी. त्यांनी मान हलवली. प्रश्न चालू असतानाच उठायचं असतं. नंतर येऊन बसलं तर ते नुसतं रुसून बसणं. "प्रश्न पुन्हा विचारला तर सगळे पुन्हा मोकळे. मीही, तूही. पण त्याने विचारायला हवा."

१६ फेब्रुवारी

आज ताट नेलं नाही.

दुसरं कोणीतरी नेईल असं वाटलं. एवढं सगळं गाव होकारात आहे! एकमत आहे! दुपारपर्यंत दारात उभी राहून बघत होते. कोणीही नाही. सगळ्यांना रस्ता हवाय, पण म्हातारीसमोर ताट घेऊन जायला, तिच्या नजरेला नजर द्यायला एकजण तयार नाही. तीन दिवसांपूर्वी मान डोलावणारे चुलत सासरे आज मला बघून गल्लीत वळले. थुंकावंसं वाटलं. थुंकलेही, पण ते दिसेनासे झाल्यावर.

१७ फेब्रुवारी

दुसरा दिवस. सासूबाई नुसत्या पाण्यावर.

हे सकाळी म्हणाले, "ताट का नेत नाहीस?"

"तुम्ही न्या. होकार तुमचा आहे."

"मी अध्यक्ष आहे."

"अध्यक्षांना हात नसतात?"

ह्यांनी भांडं आपटलं. मीही आपटलं. घरात भांड्यांशिवाय कोणी बोलेना.

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचाही तितकाच तिटकारा आलाय. म्हाताऱ्या बाईला उपाशी ठेवून मी माझं गवत वाचवतेय? भात नेला तर मी विकली गेलेली, नाही नेला तर मी कसाई. कुठल्या शहाण्याने हा नियम केला? की केला तेव्हा कोणाला वाटलंच नव्हतं, की सगळं गाव होकारात असूनही एक ताट निघणार नाही?

संध्याकाळच्या आत एकदा रिकाम्या हातांनी जाऊन आले. त्यांचे ओठ सुकले होते. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रिकाम्या हाताने आलीस ते बरं केलंस. रडू नकोस, मला त्रास होतो." आवाज फार बारीक झालाय.

१८ फेब्रुवारी

अत्तरवाल्याचा निरोप आला. परवा सह्या, मोठे साहेब येणार, फोटो काढणार. व्हरांड्यातल्या आजींना जरा मागच्या बाजूला बसवता येईल का, फोटोत बरं दिसणार नाही.

निरोप रखवालदार घेऊन आला. वर स्वतःच्या मनानेच म्हणाला, "साहेब, सांगा, चटईसकट उचलून मागे ठेवतो."

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. ह्याच रखवालदाराने सासऱ्यांना अंगणातून फरफटत नेलं तेव्हा हे दाराआड उभे होते. एवढंसं पोर. हे त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलंय. "तू जा," एवढंच म्हणाले, आणि ते नाकातून नव्हतं.

मग स्वयंपाकघरात शिरले. मला बाजूला हो म्हणाले नाहीत, मदत कर म्हणाले नाहीत. अंडी उकडली, दोन फुटली. भात लावला तो खालून करपला. तो वास अजून घरात आहे. ताट वाढून निघाले, पाणी विसरले, परत आले, तांब्या घेऊन गेले. मी मागोमाग गेले, पण फाटकाशी थांबले.

सगळ्या गावाने बघितलं. ताट ह्यांनी वाकून चटईपुढे ठेवलं. सासूबाई काही म्हणाल्या, ह्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग स्वतः उठून हॉलचं दार उघडलं आणि ते मिटू नये म्हणून एक लाल खुर्ची आडवी लावली. खुर्च्यांचा पहिला उपयोग!

सासूबाईंनी करपलेला भात सगळा खाल्ला. मिठाबद्दल अवाक्षर नाही! माझ्या भाताला मात्र नावं!

१९ फेब्रुवारी

उद्या सकाळी पुन्हा सभा, हे प्रश्न पुन्हा विचारणार. अत्तरवाला खूष आहे. म्हातारी होकारात आहे हे त्याला कळलंय. आता अडचणच काय?

मला कोणी काही विचारलेलं नाही. मी होकारातच आहे ना, सगळ्यांच्या लेखी.

२० फेब्रुवारी

व्हरांड्यात बसून लिहितेय.

दार उघडं होतं. ह्यांनी नीट प्रश्न विचारला, सगळ्यांकडे बघून. सासूबाई आत होत्या, खुर्चीवर, चटईवर. उठल्या नाहीत. अत्तरवाल्याने टाळ्या वाजवायला हात वर नेले. मी ट्रे खाली ठेवला, चटई उचलली आणि बाहेर आले. "उंबऱ्याबाहेर कोणी आहे?" — ह्यांना विचारावंच लागलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

सभा उठली. सह्या झाल्या नाहीत. अत्तराचा वास गाडीत बसून गेला.

दुपारी वाटेवर नजर लावून बसले होते. ताट घेऊन सासूबाई आल्या. लंगडत, मध्ये दोनदा थांबत. ताट माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मला रस्ता हवाय, लक्षात ठेव. खाऊन घे."

मीठ फार होतं. सगळं खाल्लं.